एका सुरात काम : मोत्यांच्या बोटीपासून ऑफिसपर्यंत

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत एक नवी रीत रुळली आहे. वर्षातून एकदोनदा कर्मचाऱ्यांना एखाद्या सभागृहात किंवा शहराबाहेरच्या रिसॉर्टवर बोलावतात, खुर्च्या गोलाकार मांडतात आणि प्रत्येकाच्या हातात एक वाद्य देतात. बहुतेकदा तो पश्चिम आफ्रिकेतला जेंबे नावाचा ढोल असतो. बाहेरून आलेला प्रशिक्षक तासाभरात सगळ्या सभागृहाला एका ठेक्यावर आणून दाखवतो. याला ‘ड्रम सर्कल’ म्हणतात. काही ठिकाणी वाद्यांऐवजी समूहगान असते. हेतू एकच. एकाच मजल्यावर बसूनही एकमेकांना केवळ ईमेलवर ओळखणारी माणसे जवळ यावीत आणि त्यांनी एकमेकांना धरून काम करावे.

अशी निमंत्रणे आपल्या घरांतल्या मुलामुलींनाही येतात आणि मग रात्री जेवताना त्यावर बोलणे होते. अब्बांना वाटते, कंपनीला दुसरी कामे नाहीत का? अम्मी विचारते, वाद्य वाजवायचे म्हणजे ते आपल्याला चालते का? आणि मुलाला काळजी असते की आपण गेलो नाही तर साहेब म्हणतील, हा कोणात मिसळत नाही. तिघांचेही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधायची तर आधी हे पाहायला हवे की सोबत गाण्या-वाजवण्याने कामाची माणसे खरोखर जवळ येतात का, आणि येत असतील तर कशामुळे येतात.

त्यासाठी प्रशिक्षकांच्या जाहिराती वाचण्यापेक्षा असे एक कामाचे ठिकाण पाहावे, जिथे गाणे हा कामाचाच भाग होता आणि गाणारा माणूस त्यासाठीच नेमलेला असे. हे ठिकाण आपल्यापासून फार लांब नाही. अरबी समुद्राच्या पलीकडे, आखातात, मोती काढणाऱ्या बोटींवर ही पद्धत होती.

नह्हामचा आवाज

बहरीनला नोकरीसाठी जाणारा माणूस विमानातून उतरतो तो मुहर्रक बेटावर, कारण विमानतळ तिथेच आहे. शंभर वर्षांपूर्वी हे बेट मोत्यांवर जगत होते. उन्हाळा लागला की बोटींचा ताफा समुद्रात जाई आणि साधारण जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, चार महिने, बेटावर मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे उरत. या मोसमाला ‘अल-गौस अल-कबीर’, म्हणजे मोठी डुबकी, असे नाव होते. कुराण शरीफात सूरह रहमानमध्ये ज्या मोती-पोवळ्यांचा उल्लेख येतो, ते मोती समुद्रातून वर येतात कसे, हे या लोकांना आपल्या कानांच्या आणि छातीच्या दुखण्यातून ठाऊक होते.

बोटीचा प्रमुख ‘नाखुदा’. हा शब्द आपल्या कोकणाला नवा नाही. नाखुदा आणि नाखवा ही आडनावे लावणारी कोकणी मुसलमान घराणी आजही आहेत. नाखुदाच्या हाताखाली ‘गव्वास’ म्हणजे पाणबुडे आणि ‘सैब’ म्हणजे दोरी ओढणारे. पाणबुडा नाकाला चिमटा लावून, पाय दगडाच्या दोरीत अडकवून पाण्यात सुटे. तळाशी पोचला की दगड सोडून देई आणि सैब तो वर ओढून घेई. मग मिनिट-दीड मिनिट श्वास रोखून तो शिंपले गोळा करी, गळ्यातल्या जाळीत भरी आणि दुसऱ्या दोरीला हिसका देई. त्या हिसक्यासरशी सैबने त्याला वर खेचायचे. खेचायला उशीर झाला तर माणूस गेला. दिवसाकाठी कित्येक डझन वेळा हे असे चाले. आजच्या ऑफिसांत ‘सहकाऱ्यावरचा विश्वास’ हा शब्द आपण सहज वापरतो. तिथे तो विश्वास एका दोरीवरच्या हाताएवढा ठोस होता.

याच बोटीवर आणखी एक माणूस असे, ‘नह्हाम’. त्याचे काम गाण्याचे. शीड चढवायचे, नांगर उपसायचा, एका मोत्याच्या जागेवरून दुसऱ्या जागेपर्यंत वल्ही मारत जायचे, अशा प्रत्येक कामाचे गाणे वेगळे, त्याचा वेग वेगळा. नह्हाम ओळ उचली आणि बाकीचे सगळे खालच्या पट्टीत, जवळजवळ गुरगुरल्यासारखा एक दीर्घ घुमारा देत. ऐकणाऱ्याला तो आवाज माणसांच्या घशातून येतो आहे की समुद्राच्या पोटातून, असा प्रश्न पडावा. शब्दांमध्ये अल्लाहचे नाव, प्रेषितांवर (स.) सलाम, घरची आठवण आणि समुद्रावरच्या हालांची तक्रार असे. ज्याचा आवाज चांगला त्या नह्हामला मोठा मान होता आणि तो ज्या बोटीवर असेल तिथे खलाशी खुशीने येत.

ॲलन व्हिलियर्स नावाचा एक ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी १९३८ च्या डिसेंबरात एडनला एका कुवेती गलबतावर चढला आणि कित्येक महिने अरब खलाशांसोबत राहिला. ‘सन्स ऑफ सिंदबाद’ हे त्याचे पुस्तक १९४० मध्ये निघाले. शिडाचे प्रचंड लाकूड वर चढवताना ही माणसे कशी गात, फळ्यांवर पाय आपटत आणि खर्जात घुमत, याची वर्णने त्यात आहेत. ते गलबत मालवाहू होते, मोत्यांचे नव्हे. पण गाण्याची रीत तीच.

यात गाणे नेमके काय करत होते? पहिली गोष्ट अगदी व्यवहाराची. वीस माणसे एका दोरीला लागली आणि प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ओढले, तर वीस माणसांचे बळ कधी एकत्र येतच नाही. गाण्याने ओढण्याचा क्षण ठरतो. तितकाच महत्त्वाचा दुसरा क्षणही ठरतो, श्वास घेण्याचा. नह्हामची ओळ चालू असताना बाकीच्यांनी दम खायचा, धरपदाला जोर लावायचा. लय जरा जास्त ठेवली की दमलेल्याचा हात सुटणार, म्हणून लय ठरवणाऱ्याला सगळ्यात तगड्या माणसाकडे पाहून चालत नसे. सगळ्यात थकलेल्या माणसाकडे पाहावे लागे. हे मला या सगळ्यातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. कारण ऑफिसात लय ठरवणारा बहुधा उलट करतो. जो रात्री अकरा वाजताही ईमेलला उत्तर देतो, त्याच्या वेगावर तो सगळ्यांचा वेग ठरवतो.

किनाऱ्यावर परतल्यावर हेच लोक ‘दार’ नावाच्या बैठकीच्या जागेत जमत आणि गोल बसून गात. तिथे ढोलके, लहान झांजा, टाळ्या आणि ‘जहला’ असे. जहला म्हणजे मातीचा माठ, दोन्ही हातांनी वाजवायचा. मधोमध मुख्य गायक आणि नाचणारे. या गाण्याला ‘फिजिरी’ म्हणतात. बहरीनमध्ये एक दंतकथा सांगतात की हे गाणे एका एकाकी मशिदीजवळ तिघा माणसांना जिन्नांनी शिकवले आणि कुणाला सांगाल तर मराल अशी ताकीद दिली. मग त्यांतल्या शेवटच्याने मरणाच्या दारात ते उघड केले. दंतकथा म्हणून ती ऐकावी आणि सोडून द्यावी. डेन्मार्कचे संगीत-अभ्यासक पोल रोव्हसिंग ओल्सेन यांनी १९५८ पासून बहरीनमध्ये जाऊन ही गाणी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा मोत्यांचा धंदा जवळपास संपला होता, पण गाणारे अजून हयात होते. २०२१ मध्ये युनेस्कोने फिजिरीची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

कामाच्या तालावर गाणे ही काही फक्त समुद्रावरची गोष्ट नाही. जात्यावरच्या ओव्या महाराष्ट्राने जपल्या आहेत. विजापूरच्या सूफी परंपरेतून दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ असे रचनाप्रकारच झाले. बायकांनी दळताना आणि सूत कातताना म्हणायचे, दांड्याच्या फेऱ्यासोबत अल्लाहचे नाव घ्यायचे. दोन जावा समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावून दळत असतील, तर सकाळच्या त्या तासात कालचे भांडण किती पुढे ओढणार? हात एकत्र फिरायलाच हवेत, नाहीतर पीठ पडत नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या आरोळीतही हेच आहे. तिथे एक गोष्ट आणखी आहे, ती पुढे उपयोगी पडेल : जाळे वर आले की माशांचा वाटा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडतो.

हिशेबाची वही

मोत्यांच्या बोटीवर नेमके हेच होत नव्हते.

बोटीची कमाई वाट्यांनी वाटली जाई. बोटीचा आणि शिध्याचा खर्च काढला की साधारणपणे पाणबुड्याला तीन वाटे, दोरी ओढणाऱ्याला दोन, अशी रीत होती. ऐकायला ही न्यायाचीच वाटते. पण मोसम सुरू होण्याआधी घरात काहीतरी ठेवून जावे लागे, म्हणून पाणबुडा नाखुदाकडून उचल घेई. मोसम संपल्यावर हिवाळा काढायला पुन्हा उचल. मोती कितीला विकला गेला, हे पाणबुड्याला कळायचे ते नाखुदाच्या तोंडून. वही नाखुदाकडे, लिहिता-वाचता येणारा नाखुदाकडे. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या बोटीवर जाता येत नसे आणि बाप मेला तर त्याचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. नाखुदाही बऱ्याचदा मोठ्या व्यापाऱ्याचा देणेकरी असे, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कामगारांची उचल आणि मुकादम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही व्यवस्था जास्त समजावून सांगायला नको.

या कर्जाचा आपल्याशीही संबंध आहे. बहरीनमध्ये तेव्हा हिंदुस्थानचा रुपया चालत होता, म्हणजे पाणबुड्याचे कर्ज रुपयांतच मोजले जाई. आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. तिथे ते विकले जात, विंधले जात, सरांत ओवले जात आणि मग युरोपच्या वाटेला लागत.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बहरीनच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सुधारणा आणल्या. प्रत्येक पाणबुड्याला त्याची स्वतःची हिशेबाची वही मिळावी, उचलीची रक्कम ठरलेली असावी, असे नियम झाले. मोठ्या व्यापाऱ्यांनी आणि नाखुदांनी त्याला जोरदार विरोध केला. तोवर जपानमध्ये मिकिमोतोंचे संवर्धित मोती बाजारात आले होते, १९२९ ची जागतिक मंदी आली आणि भाव कोसळले. उचल कमी ठरवली गेली आणि १९३२ मध्ये पाणबुडे खवळून उठले. बहरीनमध्ये दंगल झाली. त्याच वर्षी तिथे तेल लागले आणि पुढच्या काही वर्षांत बोटींवरची माणसे तेल कंपनीच्या नोकरीत गेली.

आता ही गोष्ट आपल्या प्रश्नाशी जोडून पाहू. पिढ्यानपिढ्या ही माणसे एकत्र गात होती. जगातल्या कुठल्याही कंपनीचा प्रशिक्षक देऊ शकणार नाही इतके उत्तम समूहगान त्यांच्याकडे होते. तरीही नाखुदा आणि पाणबुडा यांच्यातली दरी गाण्याने भरली नाही. गाण्याने जे नाते बांधले ते दोरीला लागलेल्या माणसांचे. ती दोरी आणि वही यांच्यामधली जागा मोकळीच राहिली. मला तर वाटते, १९३२ ला ही माणसे एकदिलाने उठली यात बोटीवरच्या त्या एकत्र श्वासाचाही हात असावा. सोबत गाणाऱ्यांची एकी मालकाच्याच कामी येईल असे कुणी धरून चालू नये.

म्हणून ज्या कंपनीत पगारवाढ कुणाला का मिळाली आणि कुणाला का नाही हे कोणालाच सांगितले जात नाही, तिने ढोल वाजवायला बोलावले तर लोक येतील, वाजवतील, फोटोत हसतील आणि सोमवारी पुन्हा आपापल्या खुर्चीत तसेच बसतील.

खंदकावरचे कोरस

गाण्याने माणसे कधी खरोखर बांधली जातात, याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. हिजरी ५, म्हणजे इ. स. ६२७. मदिनेवर मोठे सैन्य चालून येत होते आणि शहराच्या उघड्या बाजूने खंदक खणायचे ठरले. थंडीचे दिवस, पोटात अन्न नाही. सहाबा (रजि.) खणता खणता रजज वृत्तातल्या ओळी एका सुरात म्हणत, आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्यांना साथ देत, हे सहीह बुखारीत आले आहे. मस्जिद-ए-नबवीच्या बांधकामाच्या वेळीही असेच घडले.

या प्रसंगातली एक गोष्ट बहुधा आपल्या कानावरून नुसती जाते. प्रेषित (स.) काठावर उभे राहून इतरांना जोष देत नव्हते. ते स्वतः माती वाहत होते, आणि पोटावर धूळ साचली होती असे वर्णन आहे. ओझे एकच, भूक एकच, म्हणून सूरही एक झाला. आता एखाद्या ऑफिसच्या ड्रम सर्कलचे फोटो पाहा. कर्मचारी घाम गाळत ढोल बडवत असतात आणि वरिष्ठ मागच्या भिंतीला टेकून मोबाईलवर चित्रण करत असतात. अशा वेळी ते सत्र रद्द केले असते तरी काही बिघडले नसते.

वाद्यांच्या बाबतीत उलमांमध्ये मतभेद आहेत आणि ते मिटवणे हे या लेखाचे काम नाही. आपल्याच समाजात उरूसाच्या कव्वालीला आवर्जून जाणारी घरे आहेत आणि मोबाईलची रिंगटोनसुद्धा सुरावटीची न ठेवणारी घरे आहेत. कुणी डफापुरती मोकळीक मानतो, कुणी शब्द आणि प्रसंग पाहून ठरवतो. मुलाने किंवा मुलीने जे ठरवले असेल ते ऑफिसात संकोच न करता सांगावे, एवढेच म्हणता येईल. ‘मी वाजवत नाही, पण टाळीवर ठेका धरीन’ किंवा ‘मी गाण्यात असेन, वाद्यात नाही’ हे वाक्य शांतपणे आणि दोन दिवस आधी सांगितले, तर बहुतेक ठिकाणी ते ऐकले जाते. ऐन कार्यक्रमात कोपऱ्यात तोंड पाडून बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र हे सांगण्याची वेळ फक्त कर्मचाऱ्यावर येऊ नये. सत्र आखणाऱ्याने आधीच विचारायला हवे. ज्याला सक्तीने एकत्र आणले, तो शरीराने वर्तुळात असतो, एवढेच.

अभ्यासक काय सांगतात

जुन्या लोकांनी अनुभवाने जे ओळखले होते, ते गेल्या वीस-एक वर्षांत अभ्यासकांनी मोजून पाहिले आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्कॉट विल्टरमुथ आणि चिप हीथ यांनी केलेले प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना पावलाला पाऊल मिळवून आवारात चालायला लावले, काहींना आपापल्या चालीने. दुसऱ्या एका प्रयोगात एका तालावर गाणे म्हणायला लावले. गाणे मुद्दाम कॅनडाचे राष्ट्रगीत निवडले होते, म्हणजे अमेरिकन मुलांच्या मनात स्वतःच्या देशाच्या भावना मध्ये येऊ नयेत. नंतर त्यांना पैशांचे खेळ दिले, ज्यांत स्वतःचा थोडा तोटा सोसला तरच सर्वांचा फायदा होतो. एका तालात चाललेली किंवा गायलेली मुले इतरांसाठी झळ सोसायला जास्त तयार होती.

ऑक्सफर्डमध्ये २०१० मध्ये विद्यापीठाच्या वल्हेकऱ्यांवर एक छोटा अभ्यास झाला. तेच तरुण, तेवढीच मेहनत, पण एकट्याने वल्हे मारले तेव्हापेक्षा सगळ्यांनी मिळून एका लयीत मारले तेव्हा व्यायामानंतर वेदना सोसण्याची ताकद जास्त आढळली. अभ्यासकांचा अंदाज असा की एकत्र हालचालीने मेंदूत एंडॉर्फिन नावाची द्रव्ये अधिक सुटतात, जी दुखणे कमी करतात आणि बरे वाटायला लावतात. मुहर्रकच्या वल्हेकऱ्यांना हे कुणी सांगितले असते तर त्यांना नवल वाटले नसते.

पण आपल्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास तिसरा आहे. तोही ऑक्सफर्डचाच, २०१५ चा. प्रौढांसाठीचे नवे वर्ग सुरू झाले होते. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, एक लेखनाचा. एकमेकांना अनोळखी माणसे सात महिने या वर्गांना जात राहिली आणि ती एकमेकांना किती जवळची मानतात हे अधूनमधून विचारले गेले. पहिल्या महिन्यातच गाण्याच्या वर्गातली माणसे झपाट्याने जवळ आली. इतर वर्गांतल्यांना वेळ लागला. सात महिन्यांनंतर मात्र गाणारे, हस्तकला करणारे आणि लिहिणारे, सगळे जवळपास सारखेच जवळ होते.

हा निष्कर्ष संगीताच्या जाहिरातीत सहसा अर्धाच सांगतात. गाण्याने बर्फ लवकर वितळतो, हे खरे. पण शिवणकामानेही तो वितळतो, थोड्या उशिराने. म्हणजे ज्या ऑफिसात रोज दुपारी डबे एकत्र उघडतात, एकमेकांची भाजी वाटली जाते आणि रमजानमध्ये रोजेदाराच्या इफ्तारीसाठी शेजारच्या टेबलावरची बाई खजूर आणून ठेवते, तिथे ढोलाची तितकी गरज नाही. आणि जिथे माणसे रोज बदलतात, नवे गट सतत बनतात, पाळ्या फिरत राहतात, तिथे गाण्याचा वेग कामी येतो. कॉल सेंटर, विमानतळ, मोठी रुग्णालये ही अशी ठिकाणे आहेत.

रुग्णालयाचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. गॅरेथ मॅलोन या गायनवृंद-मार्गदर्शकाने २०१२ मध्ये बीबीसीसाठी इंग्लंडमधल्या कामाच्या ठिकाणी गायनवृंद उभे केले. त्यांत एक पाणीपुरवठा कंपनी होती, टपालखाते होते, मँचेस्टरचा विमानतळ होता आणि लंडनमधले लुइशम रुग्णालय होते. रुग्णालयात वेगवेगळ्या पदांवरची, वेगवेगळ्या पाळ्यांतली माणसे एकाच रांगेत उभी राहिली. पुढे याच लुइशमचा तातडीच्या उपचारांचा आणि बाळंतपणाचा विभाग आवळण्याचा सरकारी निर्णय झाला. कर्मचारी आणि रहिवासी त्याविरुद्ध रस्त्यावर आले, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. गाण्यामुळे ती लढाई जिंकली असे कुणी म्हणणार नाही. पण दूरदर्शनचे कॅमेरे निघून गेल्यावर तो गायनवृंद मोडला नाही. २०१५ च्या नाताळात त्यांचे गाणे ब्रिटनच्या विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याची कमाई धर्मादाय संस्थांना दिली गेली. एका दिवसाच्या सत्रात आणि वर्षानुवर्षे टिकलेल्या वृंदात किती फरक असतो, तो इथे दिसतो. त्यांचे सराव चालू राहिले, आणि गाणे त्यांचे स्वतःचे झाले.

तुमच्या ऑफिसात ठरले तर

वाचकांपैकी काहीजण स्वतः शाळेत, दवाखान्यात, बँकेत किंवा कारखान्यात दहा-वीस माणसे सांभाळत असतील. त्यांना हा प्रयोग करायचा झाला तर मोठ्या खर्चाची गरज नाही. गळा आणि टाळी प्रत्येकाकडे असते, आणि वाद्य नसले की अनेकांचा संकोच आपोआप जातो. गाणे निवडताना ते कोणाच्या श्रद्धेला अडचणीचे होणार नाही हे पाहावे. बरेचसे वाद गाण्याच्या निवडीतच पेरले जातात. अवघड चाल नको. ज्याला सूर नाही त्यालाही खालच्या पट्टीत नुसता घुमारा देता यायला हवा. मुहर्रकच्या बोटीवर बहुसंख्य माणसे तेच करत होती आणि त्यांच्याशिवाय नह्हामचा आवाज पोरका झाला असता. पुढाकार दर वेळी वेगळ्या माणसाकडे द्यावा. शिपायाने ओळ उचलली आणि व्यवस्थापकाने ती मागून म्हटली, असे महिन्यातून एकदा जरी घडले, तरी त्यानंतर दोघांच्या बोलण्यातला सूर बदलतो.

सत्र केव्हा घ्यायचे याचेही उत्तर ऑक्सफर्डच्या अभ्यासात आहे. नवा गट बनतो त्या पहिल्या आठवड्यात. वर्षअखेरीला, जेव्हा लोकांच्या मनात बढतीच्या यादीवरून आढ्या बसलेल्या असतात, तेव्हा घेतलेले सत्र उशिराचे. त्या वेळी आधी यादी समजावून सांगावी.

आणि ते कामाच्या वेळेत असावे. रविवारी किंवा संध्याकाळी सहानंतर ठेवले, तर ज्या बाईला सव्वासहाची लोकल पकडून घरी जायचे आहे, पाळणाघरातून मूल घ्यायचे आहे आणि मग पोळ्या लाटायच्या आहेत, ती त्या वर्तुळात बसून फक्त घड्याळाकडे पाहत राहील.